पन्नास स्लाइडचा डबा चांगला, पण ‘लॅमेला’ म्हणजे थर नव्हे

ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी निकाल आधीच सांगून टाकते. सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या तयार स्लाइड चांगल्या आहेत. डबा बरा आहे. सोबतची मराठी माहितीपुस्तिका मात्र एका शब्दापायी पार घसरली आहे, आणि तो शब्द पन्नासपैकी नऊ स्लाइडच्या माहितीत येतो. शब्द आहे लॅमेला. पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर शब्दसूची आहे. तिथे लिहिलंय : लॅमिना – पातळ थर. त्याच्या खाली, लॅमेला – पातळ थर. आणखी खाली लेयर – थर, स्ट्रॅटम – थर. चार शब्द आले आणि चौघांची एकाच खोलीत सोय लावली.

मी सव्वीस वर्षं हिस्टॉलॉजीच्या (ऊतींच्या अभ्यासाच्या) प्रयोगशाळेत सेक्शन, म्हणजे पातळ छेद, कापले. मेणाचा ब्लॉक मायक्रोटोमला (छेद कापायच्या यंत्राला) लावायचा, चाक फिरवायचं, पात्याखालून चार-पाच मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) रिबन निघाली की ती अलगद कोमट पाण्यावर सोडायची, सुरकुती गेली की स्लाइडवर उचलायची. आयुष्य पातळ गोष्टींत गेलं म्हणा ना. त्यामुळे ‘पातळ’ आणि ‘थर’ हे शब्द कुणी सैलपणे वापरले की मला खटकतं. घरच्यांना याची सवय आहे.

डबा घेतला तो भाच्यासाठी. तो आठवीत आहे, त्याच्याकडे साधा शाळेचा सूक्ष्मदर्शक आहे : 4, 10 आणि 40 पट मोठं दाखवणाऱ्या भिंगांचा. डब्याचं नाव विचाराल तर सांगता येणार नाही. डब्यावर फक्त विक्रेत्याचं लेबल चिकटवलेलं आहे, स्लाइड कुणी बनवल्या ते कुठेच छापलेलं नाही. हाच डबा हिरव्या झाकणात आणि निळ्या झाकणात दोन वेगळ्या नावांनी विकायला ठेवलेला मी पाहिलाय. त्यामुळे खाली जे लिहितेय ते डबा समोर आला तर ओळखता यावा इतपत खुणेचं समजा : प्लास्टिकचा डबा, आत पन्नास खाचा, झाकणाच्या आत छापलेली यादी, आणि मराठी-इंग्रजी जोडपुस्तिका.

मालाबद्दल थोडक्यात. काच नेहमीच्या मापाची, 75 बाय 25 मिलिमीटर, कडा घासलेल्या, बोट कापत नाही. प्लास्टिकच्या स्लाइड नाहीत ही मोठी जमेची बाजू. स्वस्तातल्या डब्यांत हल्ली तेच असतं आणि वर्षभरात त्यांवर ओरखडे पडून सगळं धुक्यात जातं. कव्हरस्लिप (नमुन्यावरचं पातळ झाकण) काचेची आहे. मी एक मोजली, 0.17 मिलिमीटरच्या आसपास भरली, आणि भिंगं याच जाडीचा हिशेब धरून घासलेली असतात. रंग नीट चढलेत. हिमॅटॉक्सिलिन या रंगाचा निळा उगाच जांभळट-मळकट झालेला नाही. तीन स्लाइडमध्ये बुडबुडे आहेत, पण कडेला. एका स्लाइडवर ब्लेडची आडवी रेघ आहे. पन्नासात एक, सोडून देऊ. आमच्या हातूनही व्हायची.

एक सूचना पुस्तिकेत हवी होती आणि ती नाही : स्लाइड उलटी ठेवू नका. भाच्याने पहिल्याच दिवशी उलटी ठेवली. 10 च्या भिंगाखाली सगळं छान दिसलं, 40 चं फिरवलं आणि काही केल्या फोकस होईना. ‘आत्या, हे भिंगच खराब आहे.’ भिंग बिचारं ठीक होतं. 40 च्या भिंगाला वस्तूपासून अर्ध्या-पाऊण मिलिमीटरवर यावं लागतं. मध्ये एक मिलिमीटर जाडीची काच आडवी आली तर ते पोचणार कसं? स्लाइड सुलटी केली आणि भिंगाची तब्येत सुधारली.

आता शब्दाकडे येते.

लॅमिना हा मूळ लॅटिन शब्द. अर्थ : धातूचा पातळ पत्रा, पातं. लॅमेला हे त्याचंच लाडकं, लहान रूप. आपल्याकडे वस्तू लहान झाली की शब्द बहुधा स्त्रीलिंगी होतो : डबा-डबी, सुरा-सुरी. तसंच काहीसं. मराठी परिभाषेत लॅमिनाला पटल आणि लॅमेलाला पटलिका म्हणतात, त्यात हे नातं अगदी बरोबर धरलेलं आहे. लॅमिनेशन त्याच घरातलं. जरीसारखं झगमगणाऱ्या कापडाला ‘लामे’ म्हणतात, तेही फ्रेंचमार्गे त्याच घरातलं, कारण त्यात धातूच्या चपट्या पट्ट्या विणलेल्या असतात. लॅटिन अनेकवचन लॅमेली. पुस्तिकेत एका ठिकाणी लॅमेले, एका ठिकाणी लॅमेलाज आणि एका ठिकाणी चक्क लॅमेल्स आहे.

मुद्दा असा, की या शब्दाच्या मुळाशी पत्रा आहे. पत्र्याला दोन बाजू असतात, कडा असते, तो हातात धरता येतो. थराला यातलं काही असावंच लागत नाही. मराठी किती नेमकी आहे बघा : थर बसतो, थर चढतो, थर साचतो. धुळीचा थर, रंगाचा थर. म्हणजे खाली काहीतरी आहे आणि त्यावर हे येऊन पडलंय. पापुद्रा मात्र सुटतो, निघतो, उचलून बघता येतो. अभ्रकाला कुणी अभ्रकाचे थर म्हणत नाही, अभ्रकाचे पापुद्रेच म्हणतात, कारण नखाने एकेक सोडवता येतो आणि सोडवत जाल तितका आणखी पातळ होत जातो. (कव्हरस्लिप काचेची मिळायच्या आधी सूक्ष्मदर्शकवाले नमुन्यावर झाकण म्हणून अभ्रकाचाच पापुद्रा वापरत.) रोजच्या बोलण्यातला शब्द हवा असेल तर लॅमेला म्हणजे पापुद्रा, आणि पुस्तकात हवा असेल तर पटलिका. ‘पातळ थर’ हा तिसराच पदार्थ.

हे शब्दांचे चोचले नाहीत. चुकीच्या शब्दामुळे पोराला समोरची गोष्ट दिसत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

अकरा नंबरची स्लाइड घ्या. कॉप्रायनस नावाच्या छत्रीच्या, म्हणजे अळंबीच्या, टोपीचा आडवा छेद. संचातली सर्वांत देखणी स्लाइड हीच, नुसत्या हिच्यासाठी डबा घ्यावा. 4 च्या भिंगाखाली बैलगाडीचं चाक दिसतं : मध्ये देठाचा गोल, त्याच्याकडून कडेपर्यंत गेलेल्या आऱ्या. या आऱ्या म्हणजे लॅमेली. पुस्तिका म्हणते, ‘टोपीच्या खालच्या बाजूस पातळ थर दिसतात, निरीक्षण करा.’ भाचा पंधरा मिनिटं थर शोधत होता. टोपीच्या खाली एकाखाली एक पसरलेलं काहीतरी असेल असं त्याच्या डोक्यात बसलेलं. शेवटी वैतागून म्हणाला, ‘आत्या, थर नाहीतच. ही नुसती पुस्तकाची पानं उघडून गोल लावलीत.’ म्हटलं, बाळा, हेच तर लिहायला हवं होतं!

छत्रीच्या पटलिका टोपीखाली उभ्या लोंबतात, एकमेकींच्या शेजारी, मध्ये फट ठेवून. सगळी कमाल त्या फटीत आहे. 40 चं भिंग लावलंत तर प्रत्येक आरीच्या दोन्ही बाजूंना गदेसारख्या पेशी दिसतात, त्यांच्या टोकाला बारीक देठांवर काळपट बीजाणू. एका गदेवर चार असतात, पण छेदाच्या पातळीत बहुधा दोन किंवा तीनच सापडतात, चार दिसले तर नशीब. पिकलेला बीजाणू पृष्ठभागापासून किंचित बाहेर फेकला जातो आणि मग दोन पटलिकांमधल्या फटीतून सरळ खाली पडतो. खरोखर थरावर थर असते तर बीजाणू पडले कुठून असते?

याच स्लाइडवर आणखी एक गंमत आहे, तिचा पुस्तिकेत उल्लेखच नाही. काही आऱ्या कडेपासून निघतात आणि देठापर्यंत न पोचताच संपतात. माझ्यासारखीला पहिला संशय येतो पात्याचा : कापताना तुटलं असेल. म्हणून सगळं चाक फिरून पाहिलं. तुटलेली कड फाटकी दिसते. ही टोकं गोल आणि गुळगुळीत आहेत, आणि त्यांच्यावरही गदा आणि बीजाणू आहेत. म्हणजे मुळातच आखूड. कडेकडे जाताना आऱ्यांमधलं अंतर वाढत जातं, ती रिकामी जागा या आखूड पटलिका भरून काढतात. यांना लॅमेल्युला म्हणतात. लॅमिनाची लेक लॅमेला आणि तिची लेक लॅमेल्युला, तीन पिढ्या झाल्या. पुस्तिकेच्या हिशेबाने ही पातळ थराच्या पातळ थराचा पातळ थर ठरेल.

सव्वीस नंबर, हाड. घासून केलेला छेद आहे, म्हणजे हाडाची चकती दगडावर घासत घासत प्रकाश आरपार जाईल इतकी पातळ केलेली. हे काम किती कंटाळवाणं असतं ते करणाऱ्यालाच माहीत, त्यामुळे बनवणाऱ्याला माझा नमस्कार. मध्ये नळीचं तोंड, तिच्याभोवती झाडाच्या खोडासारखी वर्तुळं, आणि वर्तुळांच्या मध्ये कोळ्यासारखे काळे ठिपके. हे ठिपके काळे रंगवलेले नाहीत. हाडाच्या पेशींची घरं सुकून रिकामी झाली, त्यांत हवा भरली, आणि ती हवा प्रकाश अडवते. क्लॉप्टन हॅव्हर्स नावाच्या इंग्रज वैद्याने 1691 साली हाडांवर पुस्तक काढलं, त्याच्या नावावरून या नळ्यांना हॅव्हर्सच्या नलिका म्हणतात.

इथे मात्र पुस्तिकेची थोडी बाजू घ्यायला हवी. हाडाच्या पटलिका खरोखरच एकेक करून रचल्या जातात, बाहेरून आत, नळीच्या दिशेने. म्हणजे थर बसणं इथे चालून जातं. तरी थर म्हणून थांबलं तर खरी युक्ती हातातून निसटते. एका पटलिकेची जाडी 3 ते 7 मायक्रॉन. तिच्यात कोलॅजन या प्रथिनाचे तंतू एका दिशेने लावलेले असतात, आणि शेजारच्या पटलिकेत दिशा बदलते. प्लायवूडमध्ये एका पत्र्याचे रेषे उभे आणि दुसऱ्याचे आडवे लावतात, तशीच कारागिरी. म्हणून हाड एकाच दिशेला सहज चिरत नाही.

हे घरी बघता येतं. ध्रुवणाच्या फिल्मचे (एकाच दिशेने कंप पावणारा प्रकाश जाऊ देणाऱ्या) दोन तुकडे घ्या, एक स्लाइडखाली ठेवा, एक आयपीसवर धरा आणि वरचा हळूहळू फिरवा. पार्श्वभूमी काळी झाली की हाडाची वर्तुळं एक उजळ, एक काळोखी अशी उठून येतात आणि नळीभोवती काळा फुलीसारखा आकार दिसतो. फिल्म आणखी फिरवली की सगळं पुन्हा साधं. भाच्याने हे दहा वेळा केलं, नंतर त्याच्या आईला बोलावून केलं. सगळी वर्तुळं एकाच प्रकारचा थर असती तर असं आळीपाळीने उजळायला काही कारणच नव्हतं. पुस्तिकेत हा प्रयोग दोन ओळींत बसला असता.

गोल चाकांच्या मध्ये अर्धवट तुकडे दिसतील, कमानीचे, तिरके. तो छेदाचा दोष नाही, तक्रार करू नका. ती जुन्या चाकांची शिल्लक. हाड आयुष्यभर स्वतःला खणून पुन्हा रचत असतं आणि नवं चाक जुन्याला खाऊन बसतं.

एकतीस नंबरची स्लाइड बोटाच्या त्वचेची आहे. ती डोळ्यांसमोर नुसती धरली तरी खोल भागात एक फिकट ठिपका दिसतो. पाचिनीची कणिका. फिलिपो पाचिनी, इटालियन शरीररचनातज्ज्ञ. कॉलऱ्याचा जंतू 1854 मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली पाहणारा तोच. कणिकेची लांबी मिलिमीटरभर असते, मध्ये चेतातंतूचं टोक आणि त्याभोवती डझनावारी पटलिका, मध्ये द्रव. सावकाश दाबलं की पटलिका एकमेकींवरून सरकतात आणि दाब आतपर्यंत पोचूच देत नाहीत. थरथर मात्र आत जाते. कंपन ओळखण्यात ही कणिका पटाईत, सेकंदाला 250 च्या आसपासच्या कंपनांना सगळ्यांत जास्त दाद देते. अंगावरचे कपडे दिवसभर जाणवत नाहीत आणि खिशातला फोन थरथरला की लगेच कळतं, यात या पापुद्र्यांचा वाटा आहे. पुस्तिका : ‘अनेक पातळ थरांनी बनलेली रचना.’ बास. इतकंच.

पानाच्या छेदाजवळ तर हसूच आलं. इंग्रजी बाजूला ‘लीफ लॅमिना’ आहे आणि मराठी बाजूला ‘पानाचा पातळ थर’. अहो, त्याला पातं म्हणतात. देठ आणि पातं. शाळेत शिकवलेला शब्द.

याच्या उलट, आठ नंबरच्या कांद्याच्या मुळाच्या स्लाइडवर ‘मिडल लॅमेला’साठी ‘मधला थर’ लिहिलंय आणि ते जवळजवळ बरोबर बसतं. शेजारशेजारच्या दोन पेशींना चिकटवणारा तो पेक्टिनचा लेप. त्याला मोकळी कड नाही, तो सुटा काढून दाखवता येत नाही. शब्दाची ही जुनी रूढी आहे, लॅमेला म्हटलं म्हणून प्रत्येक वेळी पापुद्राच असेल असं नाही, हे मलाही मान्य करावं लागतं. इथे ‘मध्यपटल’ लिहिलं असतं तर आणखी घोळ झाला असता, कारण मराठीत मध्यपटल म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला श्वासाचा स्नायू. मध्य पटलिका ठीक. पण पुस्तिका पुढे म्हणते ‘मधला थर स्पष्ट दिसतो’, ते सपशेल खोटं. या स्लाइडला जो रंग दिलाय त्यात पेशीभित्तिका दिसते, तिच्या पोटातला पेक्टिनचा लेप वेगळा ओळखता येत नाही. त्याला रुथेनियम रेडसारखा पेक्टिन पकडणारा रंग लागतो.

बेचाळीस नंबरच्या मूत्रपिंडाचीही तीच कथा. ‘बेसल लॅमिना पहा.’ म्हणजे पेशींच्या तळाशी असलेलं पटल. कशी पाहू? तिची जाडी सहसा मायक्रॉनच्या दहाव्या भागाच्या आसपास किंवा त्याहून कमी, आणि साध्या प्रकाशातल्या सूक्ष्मदर्शकाची धाव 0.2 मायक्रॉनपर्यंत. ती इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात दिसते. आपल्या सूक्ष्मदर्शकात जास्तीत जास्त तिच्यासकट आजूबाजूचा जाडसर आधारपडदा दिसतो, तोही पीएएस नावाचा खास रंग दिला तर. या स्लाइडला दिलेल्या हिमॅटॉक्सिलिन-इओसिनमध्ये नीट दिसत नाही. पोरं न दिसणारी गोष्ट दिसल्यासारखी वहीत काढतात, त्याची सुरुवात अशा वाक्यांनी होते.

हरितलवकाची स्लाइड नाही, त्याऐवजी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातल्या चित्राचं कार्ड दिलंय. हा प्रामाणिकपणा आवडला. नाण्यांच्या चवडीसारखे ढीग आणि एका ढिगातून दुसऱ्याकडे गेलेल्या लांब पटलिका, दोन्ही स्वच्छ छापलेत.

आता खरी तक्रार.

एकोणीस नंबर माशाचा कल्ला, सदतीस नंबर कोळ्याचं पुस्त-फुप्फुस. दोन्हींच्या माहितीत एकच वाक्य : ‘श्वसनासाठी पातळ थरांची रचना.’ दोन्ही स्लाइड एकापाठोपाठ लावल्या आणि मला वाटलं चुकून तीच स्लाइड पुन्हा लावली. काढून नंबर पाहिला. सदतीसच होता. मग 40 चं भिंग लावलं.

कल्ल्यात एक लांबट दांडी असते, तिच्या दोन्ही अंगांना कंगव्याच्या दातांसारख्या बारीक दुय्यम पटलिका, आणि प्रत्येक पटलिकेच्या आत लाल रक्तपेशी. माशाच्या रक्तपेशीत केंद्रक असतं, त्यामुळे प्रत्येक पेशीत गडद निळा ठिपका दिसतो. माझ्या सदतीस नंबरमध्ये नेमकं हेच होतं : केंद्रकवाल्या लाल पेशींची रांग, आणि दांडीच्या मधोमध कूर्चेचा तुकडा. कोळ्याला कूर्चा कुठली! कोळ्याच्या रक्तात लाल पेशीच नसतात, ऑक्सिजन वाहायला तांब्याचं हीमोसायनिन असतं. त्याच्या पुस्त-फुप्फुसात पानांसारख्या पटलिकांची एक गठ्ठी असते, पानांच्या आत रक्त, पानांमध्ये हवा, आणि पानं एकमेकांना चिकटू नयेत म्हणून मध्ये बारीक टेकू. थोडक्यात, सदतीस नंबरमध्ये दुसरा कल्लाच भरलाय.

चूक पॅकिंगवाल्याची. पण ती का झाली असेल हेही कळतं. दोन्हींचं वर्णन ‘पातळ थर’ असेल तर वेगळं ओळखायचं कशावरून? टेकू असलेली पानं आणि दातेरी कंगवा, इतका फरक जरी पुस्तिकेत असता तरी भरणाऱ्याच्या लक्षात आलं असतं. हाच फरक मासा पाण्याबाहेर गुदमरतो त्यामागेही आहे. पाणी असेपर्यंत कल्ल्याच्या पटलिका तरंगत सुट्या राहतात, हवेत आल्या की ओल्या वहीच्या पानांसारख्या एकमेकींना चिकटतात आणि श्वासाला लागणारा पृष्ठभागच उरत नाही. कोळ्याच्या पानांना टेकू आहेत, ती हवेत उघडी राहतात. भाच्याला हे नळाखाली दोन कागद धरून दाखवलं, एकदा नुसते आणि एकदा मध्ये काड्या घालून. भिजलेले कागद अजून बेसिनच्या कडेला आहेत.

विक्रेत्याला लिहिलं. दोन गोष्टी कळवल्या : सदतीस नंबर बदलून द्या, आणि पुढच्या छपाईत शब्दसूची अशी करा : लॅमिना – पटल, पण पानाच्या बाबतीत पातं, लॅमेला – पटलिका, पापुद्रा, लेयर – थर, स्ट्रॅटम – स्तर. उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं, हे त्यांच्या बाजूने नोंदवते. ‘मॅडम, पुस्तिका आमची नाही, डब्यातच येते. स्लाइड बदलून देऊ. हवं तर पूर्ण डबा परत करा.’

पूर्ण डबा परत करणार नव्हतेच. अकरा आणि सव्वीस नंबरच्या स्लाइड मी स्वतः बनवायला घेतल्या असत्या तर महिना गेला असता. पुस्तिकेत नऊपैकी सात ठिकाणी पेन्सिलीने ‘थर’ खोडून वर ‘पटलिका’ लिहिलंय. पानाजवळ ‘पातं’ केलं, कांद्याजवळ ‘थर’ तसाच ठेवला आणि ‘स्पष्ट दिसतो’ तेवढं खोडलं.

गुण द्यायचे तर स्लाइडना पाचपैकी साडेचार, डब्याला तीन (खाचा सैल आहेत, उभा धरला की स्लाइड खुळखुळतात, आडवाच ठेवा), पुस्तिकेला दीड. घरात किंवा शाळेत कुणी सांगणारं माणूस असेल तर बिनधास्त घ्या. मूल एकटंच पुस्तिका वाचून बघणार असेल तर आधी शेवटचं पान दुरुस्त करून मग हातात द्या. आणि आल्या आल्या एकोणीस आणि सदतीस शेजारी लावून बघा, लाल पेशींत निळे ठिपके दोन्हींत दिसले तर विक्रेत्याला लगेच कळवा. मुदत सात दिवसांची आहे. माझी बदली स्लाइड अजून आलेली नाही. भाचा रोज विचारतो, कोळी आला का.